इथल्या साखरेत दम नाही

३ मार्च, सोमवार

आज तीन दुकानं झाली, पदार्थ पाच. आल्यापासूनची बेरीज तेवीस. लेक म्हणते, बाबा, लोक परदेशात येऊन इमारती बघतात. म्हटलं, इमारती बघून पोट भरत असतं तर मी मिठाईवाला कशाला झालो असतो, गवंडी नसतो का झालो.

बसथांब्यासमोरच्या दुकानात पापुद्र्यांचा एक चौकोनी तुकडा घेतला. नखाने पापुद्रे मोजत बसलो. चौदापर्यंत मोजले, पुढचे हातातच मोडले. चाळीस वर्षं लाटणं फिरवलं, पण इतका पातळ पापुद्रा मला कधी साधला नाही. तो लाटणारा हात दिसतो का म्हणून काचेतून आत डोकावलो, तर आतल्या माणसाने हात हलवला. मीही हलवला. धंद्यातला माणूस धंद्यातल्याला ओळखतो.

दुसऱ्या दुकानात वाटीत घट्ट दूध आणि वर जळक्या साखरेचा पापडा. चमच्याने टकटक केलं की काचेसारखा तडकतो. आमच्या हिला तो आवाज इतका आवडला की तिने माझ्याही वाटीचा पापडा फोडून टाकला.

एक मात्र आहे. ही माणसं साखर फार जपून घालतात. काम इतकं सुरेख आणि गोडी जेमतेम. आधी वाटलं, हात आखडता आहे. आता वाटतं, नाही, हा संयम आहे. आम्ही आयुष्यभर गोडीखाली चुका झाकल्या. यांना झाकायचं काही नाही, म्हणून त्यांना ही गोडीची गोधडी लागत नाही. हिला तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "हो, संयम तर आहेच," आणि आपली अर्धी वाटी माझ्याकडे सरकवली. तिला हल्ली गोड फारसं चालत नाही.

५ मार्च, बुधवार

आज कुठेच गेलो नाही. लेक आणि जावईबापू कामावर, आम्ही दोघं घरात. असा दिवस आला की मला दुकान आठवतं.

दुकान मी बंद केलं त्याला आता दहा महिने होतील. करायचं नव्हतं. पण हिचे गुडघे ऐकेनात. दुकानाच्या पाच पायऱ्या चढायच्या म्हणजे रडकुंडीला यायची. शिवाय रोज तिचं एकच पालुपद, लेकीकडे जाऊ, किती दिवस राहिलेत आपले. तिच्याशिवाय माझं दुकान म्हणजे जिभेशिवाय तोंड. कारण चाखायचं काम तिचं.

हे एकदा लिहून ठेवायला हवं. मी कुणाकडे शिकलो नाही. माझा गुरू म्हणजे करपलेली कढई. सुरुवातीला केलेलं सारखं चाखायचो आणि दुपारपर्यंत तोंडाला मिठ्या बसायच्या, मग काहीही घातलं तरी कमीच वाटायचं. दोन-तीनदा गिऱ्हाइकांनी माल परत आणला तेव्हा कानाला खडा लावला: करणाऱ्याने चाखायचं नाही. हाताने ओळखायचं, डोळ्याने ओळखायचं, वासाने ओळखायचं. चाखायचं दुसऱ्याने. लग्न झाल्यावर ते काम हिच्याकडे आलं आणि तिचं नाव मी चाखणबाई ठेवलं. तेव्हापासून दुकानातून एक कण तिच्या जिभेवरून गेल्याशिवाय बाहेर पडला नाही. शेवटची दोन वर्षं तर साखर तोलायचं कामही तिने स्वतःकडे घेतलं. म्हणाली, तुम्हाला काट्यावरचे आकडे दिसत नाहीत. मला दिसत होते, पण म्हटलं असू दे. बायकोशी आकड्यांवरून भांडून कुणाचं भलं झालंय.

इथल्या हवेने तिचे गुडघे मात्र आश्चर्य वाटावं इतके बरे झालेत. काल टेकडीवरच्या बागेत ती माझ्या आधी पोचली.

९ मार्च, रविवार

बेरीज एकतीस. आज जे सापडलं त्यापुढे आधीचे तीस पाणी भरतील.

लेकीच्या घरामागच्या गल्लीत, चांभाराच्या दुकानाला लागून, एक अरुंद दुकान आहे. आत एकटीच बाई, पन्नाशीची, डोक्याला पांढरी टोपी. तिचं नाव लेकीने दोनदा सांगितलं, माझ्या तोंडात बसेना, मी टोपीवाली म्हणतो. काउंटरच्या मागेच तिचा ओटा, सगळं उघड्यावर. ती पिठाचा गोळा असा दाबत होती की जणू झोपलेल्या लेकराला कूस बदलायला लावतेय. मी खायचं विसरून बघत उभा राहिलो. लेक ओशाळली, बाबा चला, लोक बघतायत. टोपीवालीने मान वर केली, माझ्या हातांकडे पाहिलं. मिठाईवाल्याचे हात लपत नाहीत, बोटांच्या टोकांना पाकाचे चटके असतात. तिने आपली बोटं पुढे केली. तसेच चटके.

मग लेकीला मध्ये घालून दोन तास बोलणं झालं. पाक कसा ओळखता, तिने विचारलं. म्हटलं, बोटांत धरून, तार काढून. तिने एक टोकदार काट्याचं यंत्र दाखवलं, पाकात बुडवलं की उष्णता सांगतं. तिने भांडं चढवलं. मी बोटात थेंब धरून तार ओढली आणि "आता" म्हणालो. तिने काटा बुडवला. बघितलं, परत बुडवला, आणि लेकीला म्हणाली, की तुझ्या वडिलांच्या बोटांत बॅटरी बदलावी लागत नाही.

तिची बदामाची बिस्किटं खाल्ली, हिच्यासाठीही घरी आणली. काय खुसखुशीतपणा! लोणी वासावरूनच ताजं. गोडी अर्थात बेताची. आता माझी खात्रीच होत चालली आहे की हा नुसता संयम नाही. इथल्या साखरेतच दम नाही. घरचा चहा घ्या. मी स्वतः करतो, चार चमचे घालतो, तरी चहा आपला फिकाच. जावईबापू भिडस्त, बोलत नाहीत, पण रोज अर्धा कप तसाच ठेवून कामावर पळतात. हिला म्हटलं, साखरेत दम नाही इथल्या. म्हणाली, "असेल हो." लेकीच्या भाज्यासुद्धा हल्ली अळणी होतात. परदेशात राहून पोरगी मीठ घालायला विसरली.

१४ मार्च, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

टोपीवालीने आज लेकीकडून निरोप पाठवला. येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी मी तिच्या ओट्यावर माझा एक पदार्थ करायचा. तो तिच्या काउंटरवर लागेल. जमलं तर आठवड्यातून तीन सकाळी तिथेच काम. तिला माणूस हवंय आणि तिला हात ओळखता येतात, असं म्हणाली म्हणे.

मी इथे दहा महिने पाहुणा आहे. पाहुण्याला सगळे जपतात, पण त्याची वाट कोणी बघत नाही. तीन सकाळी कुणीतरी माझी वाट बघणार.

हिला सांगितलं तर तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, कशाला या वयात, हात दाखवून अवलक्षण. मला फार लागलं. आयुष्यभर जिच्या जिभेवर विसंबलो, तिला माझ्यावर एवढाही विश्वास नसावा? रागारागाने म्हटलं, तू येऊ नकोस मग. म्हणाली, "मी येते, तोलायला." म्हटलं, परक्या बाईच्या ओट्यावर नवरा-बायको दोघं कशाला, वरात आहे का. एकटा जाईन.

२० मार्च, गुरुवार

बदामाची वडी ठरवली. घरी सराव करायचा विचार होता, पण हिने बदाम कुठे ठेवलेत कोण जाणे, सापडेनात. असो. वडी माझा हात झोपेतही करेल.

मापाचाच काय तो प्रश्न. आपल्याकडे किलोभर बदामाला पाऊण किलो साखर. इथल्या साखरेला तेवढ्याने काय होणार? सव्वा किलो घालावी म्हणतो. दमच नाही तर संख्याबळ तरी हवं.

२२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो, नाहीतर उद्या मीच ते बदलून लिहीन.

सकाळी लेक दुभाषी म्हणून सोबत आली. जाताना माझा पितळी कलथा फडक्यात गुंडाळून घेतला. दुकान बंद केलं तेव्हा तेवढा एकच बरोबर ठेवला होता. बदाम वाटले, पाक धरला, सगळं मनासारखं. टोपीवाली शेजारी उभी राहून बघत होती, मध्ये मध्ये मान डोलावत होती. गोळा घोटायला लागलो तेव्हा हाताला जरा जड लागला. कलथा नेहमीसारखा फिरेना. वाटलं, परका ओटा, परकी शेगडी. थापली तर चटकन घट्ट झाली, कापताना कडेला करकरली. वाटलं, हवा कोरडी आहे इथली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एकेक कारण होतं.

टोपीवालीने एक वडी उचलली, उजेडात धरली, कापाची धार बघितली, हसली. मग चावा घेतला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. ती पाणी प्यायली. लेकीला एक वडी दिली. लेकीने कोपरा खाल्ला आणि माझ्याकडे बघेना.

टोपीवालीने मला खूण केली, तुम्ही खा. मी नियम सांगितला, करणारा चाखत नाही. ती ठामपणे हात पुढे करून उभी राहिली. शेवटी खाल्ली. वास उत्तम, दाताखाली जरा कडक. म्हटलं, "ठीक आहे. किंचित फिकी."

लेकीने ते तिला सांगितलं नाही. पण टोपीवालीला कळलं असावं. तिने तीन पेले मांडले, पाठमोरी होऊन त्यात काहीतरी ढवळलं आणि माझ्यासमोर ठेवले. एकेक घोट घ्या. मी घेतले. पहिला, साधं पाणी. दुसरा, साधं पाणी. तिसऱ्यात किंचित गोडसर. तसं सांगितलं.

लेकीने दुसऱ्या पेल्यातलं पाणी घेतलं आणि तिचे डोळे भरले. त्यात दोन मोठे चमचे साखर होती. तिसऱ्यात पाच.

कलथा तिथेच विसरून आलो.

२४ मार्च, सोमवार

दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. जायचं कुठे? आंधळ्या सोनाराने दागिन्यांची परीक्षा करावी तसा मी गावभर फिरत होतो. संयम म्हणे.

आज सकाळी ही माझ्यासमोर येऊन बसली. मी वहीत तोंड खुपसून बसलो होतो, तिने वही मिटवली आणि स्वतःहून सगळं सांगितलं. दुकान बंद व्हायच्या दोन वर्षं आधी मला मोठा ताप आला होता, तेव्हाच तिच्या लक्षात आलं होतं. आठ दिवस मी अंथरुणात होतो, उठलो तो भाजी अळणी आहे म्हणतच उठलो. मग दुकानात मी हळूहळू माप वाढवायला लागलो. दर आठवड्याला थोडं. मला वाटत होतं साखरेचा माल हलका यायला लागलाय.

तर ते आकडे, तो काटा, सगळं नाटक. म्हणाली, "तुम्ही सांगायचात तेवढी तोलायची मी, आणि तुम्ही पाठ फिरवलीत की काढून घ्यायची. आधी दोन मुठी. शेवटी शेवटी सहा-सहा."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तुम्ही रोज सकाळी शीळ घालत कढई चढवायचात," ती म्हणाली. "कुठल्या तोंडाने सांगू?"

मला राग यायला हवा होता, आणि आला. म्हटलं, दोन वर्षं माझ्याच दुकानात मला फसवलंस, बदामही तूच लपवलेस. ती म्हणाली, हो, लपवले, पिठाच्या डब्याखाली आहेत. मी जाऊन डबा उचलून पाहिला, होते. थोड्या वेळाने मी विचारलं, आणि तुझे गुडघे? त्यावर म्हणाली, ते खरंच दुखत होते. असतील.

लेक म्हणते डॉक्टरला दाखवू, कधी कधी परत येते चव. कधी कधी नाही येत.

२८ मार्च, शुक्रवार

आज ही वही घेऊन हिच्याजवळ बसलो. आल्यापासूनची कमाई, बेचाळीस पदार्थ, आणि जवळजवळ प्रत्येकापुढे लिहिलेलं: गोडी बेताची. खोडणार होतो. ती म्हणाली खोडू नका, मी सांगते तसं शेजारी लिहा.

तर लिहितो. पापुद्र्यांचा चौकोन: कडेला गोड, मध्ये किंचित आंबट, दोन घासांपुढे नको. जळक्या साखरेची वाटी: वरचा पापडा कडवट, आतलं दूध असं गोड की तिचे दात शिवशिवले होते. म्हणूनच वाटी माझ्याकडे सरकली होती, मला वाटलं प्रेमाने. टोपीवालीची बदामाची बिस्किटं: इथे ती थांबली, डोळे मिटले आणि म्हणाली, "यात बोट ठेवायला जागा नाही." हे वाक्य ती चाळीस वर्षांत माझ्या मालाला तीनदा म्हणाली आहे. मी मोजलंय.

मजा म्हणजे मी यांची स्तुती करत होतो ती खोटी नव्हती. पापुद्रे चौदाच्या वर होते, ते होतेच. तो पापडा तडकला, तो तडकलाच. काम मला दिसलं ते बरोबर दिसलं. फक्त साखरेचं मी जे बोलत होतो ते त्यांच्याबद्दल नव्हतं.

दुपारी तिने चहा केला, एक चमचा साखर घालून. मला गरम पाणी लागलं, पण आल्याचा वास छान होता. जावईबापू घरी होते. त्यांनी कप चाटूनपुसून संपवला, मग माझ्याकडे बघून लाजले.

२ एप्रिल, बुधवार

कलथा आणायला जायचं जिवावर आलं होतं. ही म्हणाली, पितळेची वस्तू आहे, पन्नास वर्षांची, लाज वाटतेय म्हणून सोडून देणार का. दोघं गेलो. लेक कामावर होती, त्यामुळे बोलायला कुणी नाही. म्हटलं बरंच आहे, कलथा घ्यायचा, हात जोडायचे, निघायचं.

टोपीवाली घाईत होती. काउंटरवर गिऱ्हाईक, भट्टी तापलेली, कानाला फोन. तिने आम्हाला बघितलं, फोन खांद्यात दाबला आणि आतल्या ओट्यावरच्या मोठ्या गोळ्याकडे बोट केलं, लाटणं माझ्या हातात ठेवलं. जणू मी रोजच येतो. मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "लाटा की. लाटायला कुठे जीभ लागते."

हात धुतले, गोळ्याला हात लावला आणि थांबलो.

बिस्किटांचाच गोळा होता, त्या दिवशी तिला हजारदा दाबताना पाहिलेला. पण हाताला कोरडा लागत होता. साखरेचा गोळा बोटांना लाडीगोडी लावतो, थोडा चिकटतो, दाबला की सैल पडतो. हा सरळ तुटत होता, रागावलेल्या माणसासारखा. पुन्हा दाबला. वडीचा गोळाही तेव्हा हाताला काहीतरी सांगत होता आणि मी हवेला दोष देत बसलो होतो. आज म्हटलं, नाही, ऐकायचं.

टोपीवालीला हाक मारली. साखरेच्या डब्याकडे बोट केलं, मग गोळ्याकडे, मग हात हलवला: नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं काय चुकलं? अकरा दिवसांपूर्वी मला पाच चमचे कळले नव्हते. तिने समजुतीने माझ्या पाठीवर हात ठेवला, तोच हात जो लेक ठेवते, जावईबापू ठेवतात. आणि लाट म्हणून खूण केली.

मग आमची ही पुढे झाली. न विचारता गोळ्यातून चिमूट काढली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मी चाळीस वर्षं तो चेहरा बघत आलोय, पण आजच्याइतकी भीती कधी वाटली नव्हती.

"कण नाही साखरेचा," ती मराठीतच म्हणाली, टोपीवालीच्या तोंडावर.

टोपीवालीने चिमूट घेतली. चाखली. मग मापाचा वाडगा पाहिला, फडताळाच्या कोपऱ्यात साखरेने भरलेला तसाच होता. फोन आला आणि घालायची राहिली. ती वाडग्याकडे बघत होती, मग माझ्या हातांकडे. त्यानंतर तिने डोक्यावर हात मारून घेतला आणि इतकी हसली की गिऱ्हाईक काउंटरवरून वाकून बघायला लागलं.

११ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टर झाले. जिभेचं आणखी दोन महिन्यांनी कळेल म्हणाले. आशा धरावी, वाट बघू नये, असं मी ठरवलंय.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. लेकीने टोपीवालीशी सगळं नक्की केलं. लाटणं, पाक धरणं, गोळा ओळखणं माझ्याकडे. काल पहिला पाक मी धरला, तिने काटा बुडवलाच नाही.

निघताना तिने कागदाची पिशवी दिली. घरी येऊन उघडली तर आत टोप्या दोन. हिला तिची मोठी होते, कानांवर उतरते, तिने दोन पिना लावल्या आणि आरशासमोरून हलेना. तिचं कामही ठरलंय. उद्यापासून साखर तीच तोलणार, माझ्यादेखत.